न धुतलेलं दुपटं

आमच्याकडे बाळाला नवं कापड लावत नाहीत. बारशापर्यंत तरी नाहीच. मला पाचवा महिना लागल्याचं मी कळवलं त्या दिवशी आईने गडहिंग्लजला ट्रंक उघडली आणि स्वतःची हिरवी इरकली साडी काढून ती उभी फाडली. फोनवर मला तो टर्रकन आवाज ऐकवला. मी इकडे बंगळुरूत मोबाईलवर बाळाची हत्तीघोड्यांची झबली निवडत बसले होते.

"अगं, इतके छान कपडे मिळतात हल्ली," मी म्हटलं.

"मिळू देत की. बारशाला घाल. तोवर जुनंच. नवं कापड बोचतंय पोराला. आणि जुन्याला माणसाचा वास असतोय."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच होतं. सातव्यात मी जायचं, आईने मागची खोली झाडून ठेवायची, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू. हे सगळं मला हवं होतं असं नाही. आमची आई सोयर-सुतकाची भलती कडक. बाळंतिणीच्या खोलीतली चिंधीसुद्धा दहा दिवस बाहेरच्या दोरीवर वाळायला नको, असल्या तिच्या तऱ्हा. त्यावरून आमची दोघींची आधीच दोन भांडणं झालेली होती. पण भांडायला तरी जायचंच होतं. तेवढ्यात साथ आली, सगळं बंद झालं, आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीवर बॅरिकेडं लागली. ज्या हद्दीपलीकडे आमच्या गावची माणसं बाजाराला जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतात, ती एकदम परदेशाची सरहद्द झाली. मला जाता येईना, आईला येता येईना.

आम्ही जयनगरला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीणबाई एकट्या राहायच्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. माझं कन्नड हद्दीवरचं, रांगडं. ते ऐकून अक्कांना हसू आवरत नसे. नवऱ्याचं कन्नड मात्र कोणालाच हसू येण्याइतकंही नव्हतं. तो पुण्याचा. पाच वर्षं महादेवपुऱ्याच्या आयटी पार्कात काढून त्याने 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे दोन शब्द कमावले होते आणि तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

माणसं हलत नव्हती, पण माल हलत होता. गडहिंग्लजच्या बाजारातून मिरचीचा ट्रक बंगळुरूला यायचा. त्याचा ड्रायव्हर आमच्या वडिलांच्या ओळखीचा. आईने त्याच्याकडे गाठोडं दिलं. नवरा ते यशवंतपूरला जाऊन घेऊन आला, जिन्यातच ठेवलं, आणि सोडायला वाकला तो शिंकायलाच लागला. दहा-बारा शिंका. गाठोडं मिरचीच्या पोत्यांवर बसून आलं होतं, दुसरं काय होणार? पण ते दिवसच असे होते की माणूस शिंकला की आधी घाबरायचा, मग कारण शोधायचा. त्याने स्वतःला दोन दिवस हॉलमध्ये कोंडून घेतलं. मी दाराबाहेरून त्याला 'मिरचीचा पेशंट' म्हणून हाका मारत होते.

तेव्हापासून त्याचं धुणं जास्तच वाढलं. आधीही काही कमी नव्हतं. दुधाच्या पिशव्या साबणाने, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात, किल्ल्या सॅनिटायझरने. एकदा तर त्याने पोळ्यांचा डबा बाहेरून पुसता पुसता आतल्या पोळ्याही ओल्या केल्या. मी रागावले, पण मनातून मला बरंच वाटत होतं. आपल्यासाठी कुणीतरी एवढं भितंय, यात सुख असतं.

गाठोड्यात लंगोट होते, कुंची होती, कानाला बांधायचं टोपडं, बाळंतशेपा, ओवा, आणि मऊसूत अशी हिरवी दुपटी. फोनवर आईने सांगितलं, "एक दुपटं आजपासनं उशाला घे. रोज त्यावरच नीज. धुवू नको. बाळ झालं की पयलं त्यातच गुंडाळायचं."

"का?"

"का म्हणजे? पोटातनं बाहेर पडल्यावर त्याला कोण ओळखीचं असतंय? आईच्या वासाचं काहीतरी पाहिजे की नको अंगाभोवती?"

हे मला पटलं. आईचं काही पटण्याची ती तशी पहिलीच वेळ. नववा महिना मी त्या दुपट्यावर डोकं ठेवून काढला. त्याला आधी आईच्या ट्रंकेतल्या वेखंडाचा वास होता. मग हळूहळू माझ्या तेलाचा, घामाचा झाला.

इस्पितळात आम्ही गेलो ते नुसतं तपासून यायला. म्हणून मी बॅगही नेली नाही. तपासणीच्या टेबलावरच पाणी सुटलं. दाखल करण्याआधी नाकातला नमुना घ्यायचा नियम होता, तो घेतला. मला ना ताप, ना खोकला. लेक झाली. चांगली रडली, चांगली लाल होती. नर्सने ती माझ्यापासून हातभर लांब धरून दाखवली आणि त्याच वेळी दुसरी कुणीतरी कागद घेऊन आत आली. माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता.

पुढे पुढे नियम बदलले. आईने मास्क लावावा, हात धुवावेत आणि बाळाला खुशाल पाजावं, असं सगळीकडे सांगू लागले. पण तेव्हा सगळेच चाचपडत होते, आणि आमच्या इस्पितळाने बाळाला माझ्याजवळ ठेवलं नाही. तिची तपासणी निगेटिव्ह आली, नवऱ्याचीही आली, आणि त्याच्या हातात तीन दिवसांची मुलगी देऊन त्याला घरी पाठवलं. मला वरच्या मजल्यावर, जिथे सगळ्याच पॉझिटिव्ह होत्या, तिथे नेलं. मी खिडकीतून बघत होते. तो मुलीला छातीशी धरून रिक्षात बसताना तीनदा वाकला आणि तीनदा परत सरळ झाला. एवढंसं मूल घेऊन रिक्षात कसं बसायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आईला मी खरं सांगितलं नाही. तिला बीपी. हद्द बंद. सांगून काय होणार होतं? म्हटलं, सगळं उत्तम, मुलगी जवळच आहे.

"प्याली काय?" आईचा पहिला प्रश्न.

"हो. प्याली."

दुसऱ्या दिवशीही तेच. आईकडे बटणांचा साधा फोन होता. वडिलांच्या मोबाईलवर चित्र दिसायचं, पण आमच्या गावच्या रेंजमध्ये ते दोन क्षणांत दगड होऊन बसायचं. त्यामुळे माझं निभावलं. तिसऱ्या दिवशी मात्र आई म्हणाली, "तीन दिस झाले, मागनं पोरीचा एकदा बी आवाज कसा न्हाई गं?"

मी रडले. मग सगळं सांगितलं. आई रडली नाही, रागावलीही नाही. फक्त एवढंच म्हणाली, "दूध यायलंय काय?"

दूध येत होतं. तेच तर अवघड होतं. छाती दगडासारखी व्हायची. मी हाताने पिळून पिळून ते बेसिनमध्ये सोडत होते, कारण घरी पाठवायची सोय नव्हती. काढलं नाही तर आटेल, एवढं मला कळत होतं. नळ सोडायचा, दूध सोडायचं, आणि शेजारच्या खाटेवरची बाई बघत नाही ना ते बघायचं. ती बघत नसायची, कारण तीही तेच करत होती. मला मरणाची भीती त्या दिवसांत खरं तर वाटली नाही. मला एकच भीती होती. मी घरी जाईन तेव्हा ती मला ओळखणार नाही, आणि पिणार नाही.

घरी काय चाललं होतं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळायचं. महापालिकेची माणसं येऊन दारावर कागद चिकटवून गेली होती. वर जायला सगळ्यांना बंदी. अक्का खालून जिन्यात उभ्या राहून विचारायच्या, "मगु याके अळ्ता इदे?" म्हणजे बाळ का रडतंय. नवऱ्याला त्यातलं अवाक्षर कळायचं नाही. तो आपला वरून "सरी, अक्का, सरी" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तो डब्याच्या दुधाची बाटली मुलीच्या तोंडात उलटी-सुलटी करत असताना अक्का मास्क लावून, पदर खोचून वर आल्या. त्याने हात जोडून सांगितलं, येऊ नका, तुमचं वय झालंय, नियम आहे. अक्का "सरी, सरी" म्हणाल्या आणि सरळ आत येऊन मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. त्या रोज येत राहिल्या. त्यांना काही झालं नाही, हे आमचं नशीब.

मला सोडलं त्या दिवशी मी टॅक्सीत सारखी छाती दाबून बघत होते, अजून आहे ना दूध. होतं. घरी आधी अंघोळ, मग परत जंतुनाशक, मग मास्क, आणि मग अक्कांनी मुलगी माझ्या हातात दिली. ती माझ्याकडे बघत होती की माझ्यामागच्या खिडकीकडे, ते मला सांगता येत नाही. मी तिला छातीशी लावली. तिने तोंड फिरवलं. परत लावली, परत फिरवलं, आणि मग पाठ ताणून अशी किंचाळली की जणू कुणा परक्या बाईने तिला उचललंय. खरंच होतं ते. ती मला ओळखत नव्हती.

"दुपटं कुठंय?" मी विचारलं. "माझ्या उशाचं. तिला त्यातच गुंडाळलं होतंस ना?"

नवऱ्याने कपाटातून दुपटं आणून दिलं. नीट घडी घातलेलं, कडक, आणि इस्पितळाच्या फरशीचा वास असलेलं. रिपोर्ट आला त्या दिवशी त्याने घरी येऊन माझे सगळे कपडे, उशीचा अभ्रा आणि हे दुपटं मोठ्या पातेल्यात घालून जंतुनाशकात उकळलं होतं. दोनदा.

मी तशीही चिडकी आहे. पण त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं त्यात विषाणू असेल."

"माझा वास होता त्यात!"

"मला कसं कळणार गं? मला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ते सांगणं आईचं मला होतं, बायकांचं बायकांना. त्याने बिचाऱ्याने लेकीसाठी जे करता येईल ते सगळं केलं होतं आणि त्यात नेमकं तेवढंच एक धुऊन टाकलं होतं. दहा-बारा दिवसांत त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याला मिठी मारावीशी वाटली, पण डॉक्टरांनी अजून काही दिवस दुरूनच सांगितलं होतं. म्हणून मग मी आणखी थोडी रागावले.

आईचा फोन आला. "प्याली काय?"

या वेळी खोटं बोलले नाही. "नाही गं. तोंडच फिरवते."

"दुपटं?"

"ह्याने उकळलं."

आई म्हणाली, "जाऊ दे. पोरगं भ्यालं असंल. आता तुझं अंगच दुपटं. अंगाला साबण लावू नको, तेल नको, ते फवारायचं पाणी तर बिलकूल नको. तिला उघडी करून उघड्या अंगावर घे आणि वरनं माझी साडी बांध. पाजायला जाऊ नको. नुसती घेऊन बस."

बाळाच्या डॉक्टरांनी फोनवर जवळपास हेच सांगितलं. फक्त त्यांनी मास्क आणि हात धुणं सोडायचं नाही म्हणून बजावलं, आणि बाटली बंद करून वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "शिकलेली दिसतेय बाई." हा तिच्याकडून डॉक्टरला मिळालेला पहिलाच मान.

आईच्या साडीची न उकळलेली दोन दुपटी जोडून मी ती दोघींभोवती गुंडाळली आणि खिडकीशी बसले. पहिला दिवस असाच गेला. ती वाटीतून दोन-दोन चमचे प्यायची, रडायची, दमून माझ्या अंगावर झोपायची. दुसऱ्या दिवशी रडणं जरा कमी झालं. मला घामाने भिजल्यासारखं झालं होतं, केसांत तेल नव्हतं, अंगाला आंबट वास येत होता. आरशात बघितलं तर ओळख पटेना. अक्का दारातून बघून म्हणाल्या, "बाणंती अंद्रे हीगे." बाळंतीण म्हणजे अशीच. आणि मिऱ्यांचं पातळ सारू उंबऱ्याशी ठेवून गेल्या. ते इतकं तिखट होतं की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मी सगळं प्यायले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीही पेंगत होतो. रस्त्यावर भाजीची हातगाडी आली. त्या दिवसांत सगळ्या गाड्यांवर भोंगे लागले होते. आधीच भरून ठेवलेल्या आवाजात तेच तेच ओरडणारे, "टोमॅटो, ईरुळ्ळी, बीन्स, क्यारेट." हा नेमका आमच्या खिडकीखाली थांबून ओरडायला लागला. मुलगी दचकून जागी झाली. आता भोकाड पसरणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. तिने भोकाड पसरलं नाही. कुरकुर केली, डोकं इकडून तिकडे घासलं, नाक माझ्या काखेशी नेलं, आणि तिथून उघड्या तोंडाने चाचपत चाचपत स्वतःच आली. आणि धरलं.

मी हललेच नाही. श्वाससुद्धा जपून घेत होते. तिच्या कानामागची शीर लपलप हलत होती आणि गिळल्याचा आवाज येत होता. खाली भोंगा कांद्याच्या नावाने "ईरुळ्ळी, ईरुळ्ळी" करत होता. तो जाऊ नये असं मला वाटत होतं, न जाणो त्याच्यामुळेच पीत असली तर. नवरा दाराशी उभा होता, तोंडावर मास्क, हातात सॅनिटायझरची बाटली. ती तशीच धरून तो रडत होता. मीही रडले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

संध्याकाळी आईला फोन केला. "आई, प्याली."

"हं," आई म्हणाली.

"खरंच प्याली गं. पोटभर."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, पण तिचा आवाज मला ओळखू येतो. तिचा विश्वास बसला नव्हता. इस्पितळातून मी तीन दिवस तिला हेच सांगत होते ना, याच सुरात. पुढे रोज ती विचारायची, रोज मी सांगायचे, आणि रोज ती "हं" म्हणायची. एकदा वडिलांच्या मोबाईलवर मुलीला पाजताना दाखवायला गेले तर चित्र माझ्या खांद्यावरच अडकलं. "खांदा दिसतोय," आई म्हणाली. "वाळलीस." चोरून शेजाऱ्यांना सांगायची म्हणे, लेक माझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगते, नात काही पीत नसणार.

आम्हा सगळ्यांच्या तपासण्या नीट आल्या, दारावरचा कागद निघाला, मुलगी चांगली भरली, तरी हद्द काही पूर्ण उघडली नव्हती. आईला अजून नात दिसली नव्हती, तिला मांडीवर घेणं तर लांबच. मग एक दिवस कळलं की तोच ट्रक यशवंतपूरला आलाय आणि उद्या परत जाणार आहे.

मी मुलीखालचं हिरवं दुपटं काढलं. आठवडाभर ते तिच्या अंगाखाली होतं. त्यावर तिने ओकलेलं होतं, लाळ होती, माझं गळलेलं दूध वाळून कडक झालेलं होतं. ते घडी केलं आणि प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घालून बांधलं, मिरचीचा वास लागायला नको म्हणून. नवरा बघत होता. तो पटकन म्हणाला, "धुवून...?" आणि माझ्याकडे बघून वाक्य तिथेच गिळलं. मग निमूटपणे पिशवी उचलून यशवंतपूरला गेला.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"आलंय बघ."

"मिळालं? बाबांनी सॅनिटायझर मारलं असेल त्यावर."

"बाटली घेऊन आलेते. म्हटलं, हात लावून बघा."

"कुठं ठेवलंयस?"

"उशाला."

आमच्या आईच्या उशाला, बाळंतिणीच्या खोलीतलं, न धुतलेलं कापड. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, लांब, आत ओढलेला, एकदा, दोनदा. तिने दुपटं नाकाशी धरलं होतं.

"दुधाचा आंबूस वास येतोय गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "पितेय की गं पोरगी. पोटभर पितेय."